मामांचा बोलेक्स आणि चोरटा उजेड : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

मामांकडे दसऱ्याला अजून कॅमेऱ्याची पूजा होते. पाटावर बोलेक्स एच-१६ रेक्स-५, चावीवर चालणारा १६ मिलिमीटरचा सिनेकॅमेरा, त्यावर झेंडूचं फूल आणि लेन्सच्या कड्यावर हळदीकुंकवाची पन्नासएक वर्षांची पुटं. आरती झाली आणि मामा म्हणाले, "घेऊन जा. माझ्यानं आता चावी भरत नाही." मीही आढेवेढे न घेता उचलला.

हे मशीन स्विस. संगीतपेट्या आणि हर्मीस टाइपरायटर बनवणाऱ्या पायार कंपनीचं. एच-१६ ची पहिली आवृत्ती १९३५ ची, रेक्स-५ आला १९६७ मध्ये. मामांनी हा मुंबईत वापरलेला घेतला आणि त्यावर साखर कारखान्यांचे माहितीपट केले. गाळप, मोळी, सभासदांची वार्षिक सभा. शेवटचा रोल कधी भरला हे त्यांनाही आठवत नाही.

घरी येऊन तपासलं. चावी भरते, स्प्रिंग सुटते. २४ फ्रेमच्या गतीला पूर्ण चावीवर २७ सेकंद चालला. २८ च्या आसपास अपेक्षित असतात, म्हणजे झकास. टरेटवर, म्हणजे तीन लेन्स बसणाऱ्या फिरत्या चकतीवर, दोन लेन्स, केर्नच्या स्विटार, १० आणि २५ मिलिमीटरच्या, दोन्हींवर आरएक्सची, म्हणजे रेक्ससाठीच्या लेन्सची, खूण. तिसरं भोक उघडंच, त्याचं टोपण हरवलंय. लेन्समागच्या खाचेतून फिल्टरची पट्टी ओढून काढली तर तिच्यात जुनं नारिंगी जिलेटिन, सुरकुतलेलं, बुरशी आलेलं. जिलेटिन फेकलं आणि पट्टी रिकामीच परत खाचेत सरकवली. ती रिकामी असली तरी जागेवर हवीच, नाहीतर त्या फटीतून सरळ फिल्मवर ऊन पडतं. बोलेक्सवाल्यांची ही सगळ्यात जुनी चूक. निदान ती तरी माझ्याकडून झाली नाही.

२० ऑक्टोबर

पहिला रोल. ओर्वो यूएन-५४, कृष्णधवल निगेटिव्ह, १०० एएसए, १०० फुटी डेलाइट स्पूल, म्हणजे उजेडात कॅमेऱ्यात भरता येणारं रीळ. जर्मनीतल्या मित्राने पाठवलेल्या तीनपैकी एक. डबा उघडताना स्पूल हातातून निसटून फरशीवर पडलं. गडगडत कपाटाखाली गेलं, पण फिल्म सुटली नाही. (हे वाक्य लिहिताना मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.)

प्रकाश मोजताना मीटरला १/८० सेकंद सांगितलं. शटर म्हणजे फिरती चकती, तिची उघडी खाच १३० अंशाची, म्हणजे २४ च्या गतीला खरा वेळ सुमारे १/६६. पण लेन्स आणि शटरच्या मधला प्रिझम त्यातला वाटा व्ह्यूफाइंडरला काढून देतो, तो हिशेबात धरायचा. हा प्रिझम कायम मध्ये उभा असतो, त्यामुळे कॅमेरा चालू असतानाही फाइंडरमधलं चित्र लपलपत नाही. आरी कॅमेरावाल्यांना हे सुख नाही.

सकाळी रंकाळ्यावर पाच शॉट, त्यातला एक ट्रायपॉडवर पिंपळाखाली, सूर्य पाठीशी. दुपारी गच्चीवर चार. संध्याकाळी उद्यमनगरात, ओळखीच्या लेथवाल्याच्या वर्कशॉपमध्ये, ट्यूबलाइटखाली दोन. त्याने विचारलं, "सर, आवाज येतुय का त्यात?" म्हटलं, आवाज फक्त कॅमेऱ्याचाच येतो.

२२ ऑक्टोबर, रात्र

बाथरूमच्या दाराखाली टॉवेल, खिडकीवर काळा कागद. डी-७६ डेव्हलपर घरीच केलं: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉल आधी विरघळवायचं. सल्फाइट आधी टाकलं तर मेटॉल विरघळायचं नाव घेत नाही, हे एकदा करून बसलोय. नळाचं पाणी २६ अंशाचं, बर्फाच्या पिशव्या टाकून २० वर आणलं. टाकीत ५० फूटच मावतात, म्हणून अंधारात रोल मधोमध कापून दोन घाण्यांत काढला.

चित्र आलं! छान, करकरीत आलं. आणि त्यावर बसलाय उजेड.

वाळल्यावर लाइट टेबलवर भिंगातून पाहिलं. निगेटिव्हवर फॉग, म्हणजे चोरून शिरलेल्या उजेडाचा डाग, काळा दिसतो. दिसलं ते असं:

छिद्रांच्या समोरच्या कडेकडून चित्रात शिरणारा काळा फुगवटा. थोड्या फ्रेम राहतो, विरतो, पुन्हा येतो. पूर्ण रोलभर.

जवळजवळ प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला, पण अगदी पहिल्या फ्रेमला नव्हे, थोडं पुढे, एक जाड काळा पट्टा.

पिंपळाखालच्या शॉटवर सगळ्या फ्रेमभर पातळ पडदा, कमी-जास्त होणारा.

वर्कशॉपच्या दोन शॉटमध्ये अख्खी फ्रेम उजळ-काळी, उजळ-काळी.

पडद्यावर हे सगळं एकच दिसणार: लपलप. मीही रात्री दोन वाजता वहीत "लाइट लीक, झाकण" एवढंच लिहून झोपलो.

२७ ऑक्टोबर

झाकणाच्या चारी कडांना काळी कापडी टेप लावली. लेन्सला टोपी घातली, उरलेल्या कात्रणातली सहा फूट फिल्म भरली आणि गच्चीवर उन्हात कॅमेरा चारी अंगांनी फिरवत चालवला, मध्ये मध्ये थांबवला. धुतली. पट्टे जसेच्या तसे.

टेप काढताना झाकणाच्या रंगाचा कपटा निघाला तो निघालाच. वर मामांना फोन करून हे सांगण्याचा मूर्खपणाही केला. "टेप कशाला लावतोस? आधी फ्रेमा मोज की," म्हणाले. तीस वर्षं एडिटिंग टेबलवर बसलेला माणूस दुसरं काय सांगणार. पण त्यांचं बरोबर होतं. फिल्म ही मोजपट्टीच आहे. तिच्यावर दर ७.६२ मिलिमीटरला खूण आहे. उजेड कुठून आला ते तिला माहीत असतं.

२९ ऑक्टोबर

बसलो मोजायला. आधी कडेचा फुगवटा.

रोलच्या सुरुवातीला दोन फुगवट्यांत ३७ फ्रेम. मध्याजवळ, जिथे कात्री लावली त्याच्या अलीकडे, २८. शेवटी शेवटी १४. म्हणजे २४ च्या गतीला आधी दीड सेकंदाला एक ठोका आणि शेवटी अर्ध्या-पाऊण सेकंदाला एक. रोल संपत येतो तशी धडधड वाढत जाते.

शटर, क्लॉ (फिल्म फ्रेम फ्रेम ओढणारी नखी), स्प्रॉकेट (दातेरी चाक), गेट (फिल्मवर चित्र पडतं ती खिडकी) यांपैकी कशाचाही ठेका रोलभर असा बदलत नाही. ठेका बदलणारी वस्तू कॅमेऱ्यात दोनच: वरचं आणि खालचं स्पूल. ३७ फ्रेम म्हणजे २८२ मिलिमीटर, त्याला ३.१४ ने भागलं की ९० मिलिमीटर व्यास. शंभर फुटी भरलेलं स्पूल बरोबर एवढंच असतं. १४ फ्रेमचा व्यास येतो ३४, म्हणजे मधल्या गाभ्यापर्यंत पोचलेलं स्पूल. मधल्या २८ चा हिशेबही जमतो.

आता दिशा. खालच्या स्पूलवर फिल्म जमत जाते, तिथला फेरा १४ पासून ३७ पर्यंत वाढला असता. इथे उलट, ३७ वरून १४ वर घसरतोय. म्हणजे वरचं, पुरवठ्याचं स्पूल. वहीत हा आकडा लिहिताना जो आनंद झाला तो पोरं झाली तेव्हाच्या खालोखाल. बायकोला सांगितलं नाही.

फक्त एक अडतं. स्पूलच्या दोन्ही चकत्या अखंड पत्र्याच्या. उजेड सतत येत असेल तर कडेला सतत फॉग हवा; फेऱ्यातून एकदाच का?

३० ऑक्टोबर

शॉटच्या सुरुवातीचे पट्टे मोजले. उन्हातल्या नऊ शॉटपैकी सात ठिकाणी पट्टा पहिल्या फ्रेमनंतर २२ व्या फ्रेमच्या आसपास सुरू होतो आणि ३० व्याला संपतो. जिथे दोन शॉटमध्ये मी चहा प्यायलो तिथे दाट, जिथे लगेच पुढचा घेतला तिथे फिका. उरलेले दोन शॉट एकामागोमाग घेतलेले, तिथे नाहीच.

म्हणजे कॅमेरा थांबलेला असताना फिल्मचा एक तुकडा उन्हात उभा राहतो. तो पुढच्या शॉटमध्ये येतो, म्हणून तो गेटच्या अलीकडचा, वरच्या बाजूचा. गेटच्या पलीकडे खाली गळती असती तर तोच पट्टा आधीच्या शॉटच्या शेपटीवर बसला असता. २२ ते ३० फ्रेम म्हणजे गेटपासून १६८ ते २२९ मिलिमीटर मागे.

टाकाऊ फिल्म भरली. फिल्म गेटवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट सोडवून मागून मार्करने गेटमधल्या फिल्मवर खूण केली, कॅमेऱ्यात आहे तशीच फिल्म धरून मागे मोजत गेलो. वरचं स्प्रॉकेट सोडून फिल्म स्पूलकडे चढते तो मोकळा तुकडा. त्याच्या डोक्यावर काय? कॅमेऱ्याचं छप्पर. रेक्स-५ चं छप्पर सपाट आहे, वर ४०० फुटी मॅगझिन बसवायला. एरवी त्या जागेवर झाकणाची पट्टी असते.

मी टेप लावली होती ती बाजूच्या दाराला.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

मामा आईकडे ओवाळून घ्यायला आले. करंजी हातात असतानाच मी कॅमेरा पुढे केला आणि वरच्या पट्टीबद्दल विचारलं.

"मॅगझिन लावायचो की रे. सभा असली की अध्यक्षांचं भाषण अकरा मिनिटं एका दमात. चावीवर कसं होणार ते? मोटर लावायची, वर मॅगझिन."

मॅगझिन, मोटर सगळं त्यांनी नंतर विकलं. घेणाऱ्याने मॅगझिन उतरवून घेतलं आणि पट्टी परत बसवून दिली. चार स्क्रूंपैकी एक वेगळा आहे, डोक्यावर गंज असलेला. मामांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हा माझा न्हवं." आई म्हणाली, सणाच्या दिवशी तरी त्याला जेवू दे.

९ नोव्हेंबर

लेथवाल्याचे दोन शॉट. हे सोपं निघालं, आणि लाज वाटावी इतकं पुस्तकी.

उजळ फ्रेमांतलं अंतर मोजलं: सहा. पुन्हा सहा. मध्येच साडेपाच वाटावं असं, मग पुन्हा सहा. हा उजेड कॅमेऱ्यात चोरून आलेलाच नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. कॅमेरा सेकंदाला २४ वेळा डोळा उघडतो. १०० ला २४ ने भागलं की ४ आणि वर एक षष्ठांश उरतो. दर फ्रेमला तेवढी ट्यूब पुढे सरकते आणि सहा फ्रेमांनी मूळ जागी येते. त्यात बोलेक्सचं शटर १/६६ सेकंद उघडं, म्हणजे ट्यूबचे दीड ठोके. एका फ्रेमला दोन शिखरं मिळतात, तिसऱ्या-चौथ्या फ्रेमला एकच. याहून वाईट जोडी ठरवूनही जमवता येणार नाही. शटर १७२.८ अंशांचं असतं तर १/५० चा वेळ मिळून बरोबर दोन ठोके मावले असते, किंवा कॅमेरा अचूक २५ वर चालला असता तर चारला चार जुळले असते. पण स्प्रिंग कसली अचूक चालतेय! मधलं साडेपाच तिचंच.

उपाय: वर्कशॉप दिवसा, दार उघडून, नाहीतर जुन्या पिवळ्या दिव्यांवर. यादीतून कटाप.

१६ नोव्हेंबर

फिल्म जाळून तपासण्या परवडत नाहीत. आज ब्रोमाइड कागद, म्हणजे फोटो छापायचा कागद, वापरला. लाल दिव्याखाली कागदाचे बोटभर तुकडे कापले, स्पूलच्या जागी, वरच्या स्प्रॉकेटजवळ, झाकणाच्या आतून असे सहा तुकडे चिकटवले, प्रत्येकाच्या मागे आकडा. दार लावलं, कॅमेरा उन्हात दहा मिनिटं, छप्पर सूर्याकडे. परत लाल दिव्यात काढून त्याच डी-७६ मध्ये टाकले. कागद त्यात काळा व्हायला चिकार वेळ घेतो, पण होतो.

पाच तुकडे पांढरेशुभ्र. तीन नंबरवर, म्हणजे वरच्या स्पूलच्या पुढच्या अंगाला लावलेल्यावर, एक काळी रेघ. एका टोकाला टोकदार, दुसऱ्या टोकाला पसरत विरलेली, धूमकेतूसारखी. टोक त्या गंजक्या स्क्रूच्या कोपऱ्याकडे.

मग उलटं करून पाहिलं. आत एलईडीची छोटी पट्टी आणि बॅटरी, दार बंद, रात्री खोलीत मिट्ट अंधार, पंधरा मिनिटं डोळे निवू दिले. छपराच्या पट्टीच्या त्या कोपऱ्यात केसाएवढी उजळ रेघ. बाकी कॅमेरा काळोखात बुडालेला. दारातून एक किरण नाही. टेप लावून मी त्या बिचाऱ्या दारावर अन्यायच केला.

आणि हो, टरेटच्या उघड्या भोकातूनही पुसटसा उजेड बाहेर येतोय. फिल्मवर त्याचा परिणाम सापडला नाही, पण बुजवलेलं बरं.

२३ नोव्हेंबर

पट्टी काढली. स्क्रू लांब होता, खाली टेकून बसत होता आणि डोकं पट्टीला दाबतच नव्हतं. पट्टी त्या कोपऱ्यात उचललेली. आतल्या खाचेत पूर्वी काहीतरी काळं, दोऱ्यासारखं असावं. बोटाला आता नुसती भुकटी लागली.

उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरचा हा एक फायदा. बाबूराव पेंटरांनी शंभरेक वर्षांपूर्वी याच गावात स्वतःचा सिनेकॅमेरा घडवला. लेथवर बसलेल्या माणसाला कॅमेऱ्याचा स्क्रू दाखवला तर तो हसत नाही. लेथवाल्याने मूळ तीनपैकी एक स्क्रू घेतला, आटे गेजला लावून बघितले, मग डोळ्याशी धरले, मग परत गेज.

"ह्याला जोडीदार घरात हाय," म्हणाला आणि डब्यातून एक काढून तेवढ्याच लांबीला कापून, टोक घासून दिला.

मग टरेटचं टोपण. नमुना म्हणून लेन्सचं मागचं टोक दाखवलं.

"हे इंची आटं हाय सर. एक इंच, बत्तीसचं."

"बरोबर. सी-माउंट म्हणतात याला."

"काय बी म्हनूदे. पितळंत करू का ॲल्युमिनियमात?"

ॲल्युमिनियममध्ये केलं. आटे पाडताना तो दर फेरीला माझी लेन्स मागत होता आणि मी दर फेरीला ती पुसून देत होतो, चुऱ्याचा कण आत गेला तर संपलंच. शेवटच्या फेरीला टोपण आपल्या वजनाने फिरत आत गेलं. पैसे घेईना. म्हणाला, शूटिंगमधलं माझं दाखवा की. ते लपलपतंय हे सांगायला जीभ रेटली नाही.

घरी येऊन खाचेत काळी लोकर बसवली, बारीक, चिमट्याने, डिंकाच्या पुसट थरावर. पट्टी परत. चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले.

१ डिसेंबर

दुसरा रोल. गच्ची, मुद्दाम भर उन्हात, शॉटमध्ये दहा दहा मिनिटांचं अंतर ठेवून. धुतला. सुरुवातीचे पट्टे गेले. कडेचे ठोके गेले.

आनंद मावेना, पण खटकतंय. फेऱ्यातून एकदाच का, याचं उत्तर मिळालेलं नाही. लक्षण गेलं म्हणजे कारण कळलं असं नाही.

७ डिसेंबर

उत्तर कपाटाखाली होतं, म्हणजे कपाटाखाली गडगडत गेलं होतं. २० ऑक्टोबरची नोंद वाचताना पेटलं.

पहिल्या रोलचं स्पूल शोधलं. दुसऱ्या रोलला तेच खाली, रिकामं, गोळा करायला लावलं होतं. टेबलाच्या काचेवर फिरवून बघितलं: एका चकतीची कड एका ठिकाणी बाहेर वळलेली. नखाने कळते, डोळ्याला कळत नाही. फिल्म आणि चकतीमध्ये तिथे फट पडते. ती फट छपराच्या गळतीसमोर आली की उजेड वेटोळ्यांच्या कडेत शिरतो, पुढे गेली की थांबतो. फेऱ्यातून एकदा.

खात्री करायची तर पट्टी पुन्हा ढिली करायला हवी. केली. उरलेल्या फिल्ममधून वीस फूट अंधारात त्या वाकड्या स्पूलवर घेतली. इथे एक गोम आहे: एकेरी छिद्रांची फिल्म एकदा गुंडाळली की छिद्रं भलत्या बाजूला येतात, म्हणून दोनदा गुंडाळावी लागते, आधी दुसऱ्या स्पूलवर आणि मग याच्यावर. वाकडं स्पूल वर, टोपी घालून उन्हात चालवली. ठोके हजर, १८-१९ फ्रेमांना एक. वीस फुटांच्या छोट्या वेटोळ्याला साधारण तेवढाच फेरा बसतो. उरलेल्या दहा फुटांना सरळ स्पूल वर, वाकडं खाली, पट्टी तशीच ढिली. ठोके नाहीत, पण थांबल्यावरचे पट्टे आहेत.

दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच लपलप. नुसतं वाकडं स्पूल निर्दोष, नुसती ढिली पट्टी फक्त पट्टे देते. दुसऱ्या रोलवर हे सुटं सुटं कळलं नसतं, कारण तेव्हा दोन्ही एकदमच बदललं होतं. पट्टी पुन्हा आवळली.

१५ डिसेंबर

राहिला पिंपळ.

त्या शॉटवरचा पडदा पूर्ण फ्रेमभर आहे, कडेकडून नाही. त्याला ठेका नाही: चार फ्रेम जड, नऊ हलक्या, दोन जड. यंत्र असं वागत नाही, पानं वागतात. त्या दिवशी कॅमेरा ट्रायपॉडवर लावून, बटण अडकवून मी बाजूला उभा होतो, पाण्यावरचे बगळे बघत. सूर्य पाठीशी. पानांतून झिरपणारं ऊन थेट आयपीसवर, म्हणजे फाइंडरच्या डोळा लावायच्या काचेवर.

प्रिझम कायम मध्ये असण्याचं सुख वर लिहिलंय, त्याचा हा व्याजासकट हिशेब. फाइंडरमधून डोळ्याकडे उजेड येऊ शकतो तसा डोळ्याकडून आतही जाऊ शकतो. लेन्स काढली, आयपीसवर टॉर्च धरला आणि समोरून भोकात डोकावलो: आत प्रिझम मंद उजळलेला. तिथून तो लेन्सच्या मागच्या काचेवर आपटून परत फिरला की फिल्मवर.

तपासणी: लेन्सला टोपी, कॅमेरा चालू, आयपीससमोर टॉर्च, आणि टॉर्चपुढे मुलीने हाताची बोटं फाकवून हलवायची. तिला फार आवडलं. तीन फूट धुतली. बोटांची लपलप फ्रेमवर तशीच्या तशी.

आयपीसला बंद करायची कळ आहे. मामांच्या कॅमेऱ्यात ती जाम होती, जोर लावला नाही. लायटर फ्लुइडचा थेंब, रात्रभर ठेवलं, सकाळी कुरकुरत फिरली. डोळा लावलेला असेल तर डोकंच झाकण. डोळा काढला की कळ बंद. कॅमेऱ्याच्या पाठीवर पांढऱ्या पेन्सिलीने लिहिलं: "डोळा काढला? बंद कर."

५ जानेवारी २०२५

तिसरा रोल. रंकाळा, तोच पिंपळ, तीच सकाळची वेळ, कळ बंद. वर्कशॉप दुपारी दीडला, दार सताड उघडं, ट्यूब बंद. लेथवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

लाइट टेबलवर १०० फूट, भिंगातून, फ्रेम फ्रेम. कडा स्वच्छ. सुरुवाती स्वच्छ, फक्त प्रत्येक शॉटची पहिली फ्रेम जरा जास्त काळी आहे. ती स्प्रिंग गती घेईपर्यंतची, गळती नव्हे. मामांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ती काढायला जाऊ नकोस, कात्री कुठे लावायची ते तिच्यावरनंच कळतं.

एक नवीन दिसलंय. सूर्यासमोरून घेतलेल्या दोन शॉटमध्ये वरच्या कडेला बारीक पुसट काळी पट्टी, स्थिर, लपलपत नाही. १० मिलिमीटरच्या लेन्सवरच आहे, २५ वर नाही. लेन्सच्या मागच्या कड्यावर आतला काळा रंग नखभर उडालाय, खाली धातू चमकतो. काळा मॅट रंग आणि शून्य नंबरचा ब्रश आणलाय. मॉडेलच्या दुकानात मिळाला. लेन्स टोपीवर उभी करून ठेवली आहे, रंग उद्या दिवसाउजेडी.

वाकड्या स्पूलवर चिठ्ठी डकवली: "फक्त खाली."